ब्याऐंशीवा खिळा

मामा, शिरसाष्टांग नमस्कार.

हंगामाच्या पहिल्या रविवारी सामना संपला तेव्हा उजेड उतरायला लागला होता. पोरे स्टंप उपटून चहाच्या गाड्याकडे निघाली. तुम्ही मात्र पिचवर अंथरायच्या मॅटच्या कडेला उकिडवे बसून काढलेले खिळे कानडीत मोजत पत्र्याच्या डब्यात टाकत होता. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. एंबत्तोंदुला, म्हणजे एक्क्याऐंशीला, तुमचा हात थांबला. मग तुम्ही उठलात. कोणाला काही बोलला नाहीत.

आभार मानायचे ते मुख्यतः त्या उठण्याचे. पण त्याआधी तुम्ही आमचे पिच आणि मॅट नीट करून दिलीत, ते देणेही मोठे आहे आणि ते लेखी राहायला हवे. दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गावोगावी मॅटी झटकून बाहेर निघतात आणि आम्ही केल्या त्याच चुका दुसरे कोणीतरी करत असते.

तुमच्या आधी ज्याने ‘आठ दिवसांत पिच तयार’ म्हणून आगाऊ पैसे घेतले, त्याचे नाव इथे घालत नाही. त्याने दोन ब्रास (दोनशे घनफूट) काळी माती एका दिवसात ओतली, पाणी मारले, ओल्यावरच रूळ फिरवला आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. वरचा पापुद्रा टणक, खाली सगळा गिलावा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. ऊन लागले तशा बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. वर मॅट टाकली की भेग झाकली जाते, बुजत नाही. चेंडू भेगेच्या काठावर पडला तर छातीवर येतो, पोकळीवर पडला तर घोट्याला लागतो, आणि बॅट्समनला काहीच दिसत नसते. असले पिच कोणाला तरी जायबंदी करणार हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. तरी तो माणूस ते तसेच टाकून गेला.

बैलहोंगलकडच्या काळ्या रानात उभी हयात गेलेल्या तुम्हाला एक नजर पुरली. तुम्ही काळ्या मातीला नावे ठेवली नाहीत. टर्फ विकेटला, म्हणजे मॅटशिवायच्या पिचला, चिकण मातीच लागते, दाबून वाळवली की ती दगडासारखी होते. पण टर्फला रोज पाणी बघणारा माणूस हवा आणि जड रोलर हवा. आठवड्यातून एकदा जमणाऱ्या दोस्तांच्या टीमने मॅटखाली खानापूरकडची लाल, मुरमाड मातीच घालावी. ती भेगाळत नाही आणि लवकर निचरते.

सगळी काळी माती उपसली. जुन्या तळाला तुम्ही कुदळीने अर्धा इंच खरवडायला लावले. गुळगुळीत तळावर नवा थर धरत नाही आणि खपलीसारखा सुटतो, म्हणून. नंतर बारीक चाळणीने चाळलेली माती, एका वेळी एकच इंच. सहासष्ट फूट लांब आणि दहा फूट रुंद पट्ट्याला एका इंचाला ५५ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी जास्त माती लागते. असे तीन थर. रोलरचा दाब वरच्या दोन-तीन इंचांपलीकडे फारसा पोचत नाही, त्यामुळे सहा इंच माती एकदम टाकून कितीही रोलर फिरवला तरी पोटात पोकळ राहते. हीच गोष्ट आम्ही पैसे मोजून चुकीची करून घेतली होती.

ओल किती हवी, याची तुमची परीक्षा आता आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे. मूठभर मातीचा लाडू वळायचा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडायचा. दोन-तीन तुकडे झाले तर रोलर आणा. चप्पट पसरला तर अजून थांबा, नाहीतर माती रोलरलाच चिकटून उचलली जाईल. भुगा झाला तर पाणी कमी पडले. आधी हलका रोलर, मग जड, आणि दोन्ही लांबीच्या दिशेने, सावकाश. कडेला रोलर नीट बसत नाही, तिथे धुमसाने ठोकायचे. पाणसळीची नळी धरून दोन्ही टोकांची पातळी तपासली, आणि मधे दोरी ताणून खळगे शोधले. शेवटी तुम्ही अनवाणी चालत गेलात. पायाला लागेल ते डोळ्याला दिसत नाही, म्हणालात, आणि खरोखर तीन खडे काढलेत.

मॅटचेही तसेच. आम्ही ती थेट उलगडून ठोकायचो आणि दुसऱ्या ओव्हरला गुड लेंग्थवर, चेंडूचा टप्पा पडतो तिथेच, फुगा यायचा. तुम्ही ती आधी तासभर उन्हात पालथी घातलीत, गुंडाळीची वळी मोडायला. सकाळच्या दवावर मॅट पसरायची नाही, जमीन वाळू द्यायची. आधी एकच टोक पक्के करायचे. दुसऱ्या टोकाच्या कडेत बांबू अडकवून चौघांनी एकदम ओढायचे. एकेकाने ओढले की ताण तिरका जातो आणि एका कोपऱ्यात सुरकुती उरते. मग लांब कडांना मध्यापासून टोकांकडे, समोरासमोरचे दोन खिळे जोडीने. लांब कडेला दोन-दोन फुटांवर, म्हणजे कोपरे धरून एकेका बाजूला ३४. आठ फुटांच्या टोकांना फूटभर अंतराने आणखी सात-सात. एकूण ८२. पक्क्या मुरमात चार इंची खिळा पुरतो, मऊ मातीत सहा इंची लागतो. प्रत्येकाला वॉशर, आणि खिळ्याचे डोके मॅटपासून बाहेर कललेले, तंबूच्या खुंटीसारखे. सरळ ठोकलेला खिळा ताणाने वर येतो. टोकाची कड दोन बोटे खोल चरात दाबायची, बोलरचा पाय अडकू नये म्हणून. इनिंग संपली की एकदा ताण तपासायचा. आणि मॅटवर लोखंडी स्पाइक बंद, रबरी सोलच.

काथ्याची आणि तागाची मॅट वेगळी खेळते, हेही तुमच्यामुळे नीट कळले. काथ्यावर उसळी जास्त, तागावर चेंडू खाली राहून कापतो. १९५२ साली लखनौच्या कसोटीत तागाच्या मॅटवर फजल महमूदने भारताचे १२ बळी घेतले आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मॅटवरचे क्रिकेट म्हणजे दुय्यम क्रिकेट असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

क्रीजबद्दल थोडक्यातच लिहितो. पूर्वीच्या माणसाने २२ यार्ड पॉपिंग क्रीजपासून (स्टंपांपुढे चार फुटांवरची रेघ) पॉपिंग क्रीजपर्यंत मोजले होते. प्रत्येक बाजूला चार-चार फूट वाढून स्टंपांमधले अंतर ७४ फूट झाले, आणि आमचे बोलर ‘दम पुरत नाही’ म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले. माप स्टंपापासून स्टंपापर्यंत ६६ फूट. काटकोनासाठी तुम्ही गवंड्यासारखी तीन, चार, पाच फुटांची दोरी लावलीत. मॅटबाहेरच्या खुणांना फक्कीच वापरलीत, कळीचा चुना नाही, कारण त्याने कातडी भाजते.

आता तो खिळा.

तुम्ही सायकलच्या पिशवीतून जुन्या स्पीकरचे चुंबक काढलेत, त्याला सुतळी बांधलीत आणि पट्ट्याच्या उत्तरेकडच्या गवतात फिरवायला लागलात. एका रेषेत जायचे, वळायचे, वीतभर बाजूला सरकून परत यायचे, नांगरणीसारखे. आमच्यातल्या एकाने सांगितले, ‘मामा, राहू दे ओ, एक तर खिळा, उद्या दुसरा आणू.’ तुम्ही फक्त विचारलेत, ‘सोमवारी हितं म्हशी कोण सोडतंय?’

गाय-म्हैस गवत जिभेने ओढून गिळते. त्यात तार आली, खिळा आला, तर निवडून टाकत नाही. तो जाळीच्या पोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या एका कप्प्यात, अडकतो, तिथून भोसकत पुढे हृदयाकडे जाऊ शकतो, आणि मग जनावर खाणे सोडून कण्हत मरते. शिवाय संध्याकाळी त्याच गवतावर अनवाणी पोरे टेनिस बॉलने खेळतात. आम्ही इतकी वर्षे मॅट ठोकली आणि उपटली. खिळे एकदाही मोजले नाहीत.

मोबाइलचा उजेड धरून आम्हीही मागे चाललो. तासाभराने चुंबकाला टक् असा आवाज आला. वॉशरसकट खिळा, पट्ट्यापासून आठ पावलांवर. मॅट झटक्याने ओढताना उडाला असणार. तुम्ही तो धोतराच्या सोग्याला पुसून डब्यात टाकलात आणि चहा घेतलात. पैशाचा विषय काढला तर हात जोडलेत.

सीमाभागात कोणती पाटी कोणत्या भाषेत हवी यावरून आम्ही सगळे लहानपणापासून वाद ऐकत आलो आहोत. तुम्ही कन्नड, आम्ही बहुतेक मराठी, आमचा ओपनर घरी उर्दू बोलतो. मातीचा लाडू कंबरेवरून सोडताना किंवा बांबू ओढताना यातले काही आड आले नाही. आगाऊ घेऊन पळालेला माणूस आमच्याच बोलीत गोड बोलला होता, हे लिहायला वाईट वाटते, पण लिहायलाच हवे. दुसऱ्याच्या म्हशीसाठी अंधारात तासभर वाकून फिरणारे माणूस आमच्या मैदानावर आहे, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

गेल्या रविवारी गुडघा धरला म्हणून तुम्ही आला नाहीत. मॅट सायंकाळी नीट वाळवून गुंडाळली आणि उंदीर लागू नयेत म्हणून शेडच्या तुळईला टांगली. डबा आमच्या सगळ्यात धाकट्या विकेटकीपरकडे होता. मराठी शाळेत शिकलेला पोरगा, पण खिळ्यांची मोजणी त्याने तुमच्याच तोंडून ऐकलेली. सगळे चहाला न जाता त्याच्याभोवती उभे राहिलो. त्याने मोठ्याने मोजले. एंबत्तु, एंबत्तोंदु, एंबत्तेरडु. मग झाकण लावले.

तुमची,
मैदानावरची सगळी पोरे