लॅपटॉप घेण्याआधी

गणपती पेठ, सांगली

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोथरूडच्या ऑफिसच्या जागेचा करार झाला, टेबलं आली, हे बाबांकडून कळलं. लॅपटॉपचं मात्र तू थेट मला विचारलंस: विंडोजच्या जागी तुझ्यासारखं क्यूब्ज ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, की विंडोज घेऊन मोकळा होऊ? तू घाईत होतास आणि माझ्यासमोर दोन हळदवाले जीएसटीची नोटीस घेऊन बसले होते. म्हणून लिहूनच सांगते. लांबलं तर चहा घेऊन बस.

माझ्या स्क्रीनवरच्या रंगीत चौकटी बघितल्या की तू विचारतोस, "आई, तुझ्यावर कोण एवढं टपलंय?" माझ्यावर कशाला कोण टपेल? पण पेठेतल्या किती दुकानदारांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते, कुणाच्या नावावर कुठलं शेत, हे सगळं माझ्याकडे आहे. टपणारे त्यांच्यावर टपतील, वाट माझ्या टेबलावरून जाईल. तू तर सीए. अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणं हे १९४९ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे, ते तुला परीक्षेलाच होतं. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. एवढा दंड आपल्यासारख्याला कुणी लावणार नाही म्हणा, पण पेठेत नाव गेलं की त्याच्या कितीतरी आधी दुकान बंद होतं.

आपल्या धंद्याची खरी अडचण ही की आलेली फाइल उघडावीच लागते. 'अनोळखी माणसाची अटॅचमेंट उघडू नका' हा सल्ला देणाऱ्यांनी जुलै महिन्यात माझ्या खुर्चीत बसून दाखवावं. झेरॉक्सच्या दुकानातल्या कंप्युटरवरून कुणी फॉर्म १६ पाठवतो, कुणी भाच्याच्या मोबाइलवरून सौदापट्ट्यांचे फोटो पाठवतो, कुणी सरळ पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून बँकेत जातो. फाइल चांगली की वाईट हे बघून ओळखणं मला जमत नाही, आणि अँटिव्हायरसलाही दर वेळी जमत नाही. म्हणून मी तो प्रश्नच सोडून दिला. ही फाइल वाईट निघाली तर तिच्या हाताला काय काय लागेल, एवढंच मी विचारते. क्यूब्ज सगळं या एका प्रश्नावर उभं आहे.

योआना रुटकोव्स्का नावाच्या पोलिश संशोधक बाई आणि त्यांच्या वॉर्सामधल्या मंडळींनी २०१० मध्ये ही प्रणाली जाहीर केली, पहिली पक्की आवृत्ती २०१२ ला आली. गंमत म्हणजे त्याआधी २००६ मध्ये याच बाईंनी 'ब्लू पिल' दाखवून खळबळ उडवली होती: चालू असलेली अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या नकळत एका आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या, कंप्युटरात कशी अडकवता येते, आणि तसं करणारा कसा लपून राहू शकतो. पुढे तेच आभासीकरण त्यांनी आपल्या बाजूला वळवलं. तळाला झेन नावाचा थर, त्यावर एकमेकांपासून तोडलेले अनेक आभासी कंप्युटर. त्यांना क्यूब म्हणतात. वायफायचं कार्ड एका क्यूबच्या ताब्यात, यूएसबीचं दुसऱ्याच्या. स्क्रीन आणि सगळा कारभार 'डॉम-झीरो'कडे, आणि डॉम-झीरोला इंटरनेटच नाही.

हरिपूरची पेवं तुला आजोबांनी दाखवली होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, हळद भरली की वरून लिंपून बंद. ज्याचं पेव त्याचं. एकाची हळद खराब निघाली म्हणून शेजारच्या पेवाला काही होत नसे. माझा लॅपटॉप तसा आहे.

हिरव्या चौकटीत 'रिटर्न', त्यात फक्त आयकर आणि जीएसटीचं पोर्टल. पिवळ्यात 'टपाल', म्हणजे ईमेल आणि व्हॉट्सअॅप वेब. निळ्यात बँक. काळ्यात 'तिजोरी', तिला इंटरनेट मुळीच दिलेलं नाही, तिथे कीपासएक्ससीमध्ये पासवर्ड. आणि लाल चौकट डिस्पोजेबलची, काम झालं की तो कंप्युटर फेकून द्यायचा. ही चौकट डॉम-झीरो काढतो, म्हणून लाल क्यूबमधला कुठलाही प्रोग्रॅम स्वतःला हिरवा म्हणवून घेऊ शकत नाही. तुला जी रंगपंचमी वाटते तिचं काम हे आहे.

परवाचंच सांगते. मार्केट यार्डातल्या एका जुन्या अशिलाच्या ईमेलवरून 'आयकर नोटीस' नावाची पीडीएफ आली. पत्ता त्याचाच, भाषाही बरीचशी त्याचीच. मी नेहमीसारखं राइट क्लिक करून ती डिस्पोजेबलमध्ये उघडायला सांगितलं. काही सेकंद वाट बघावी लागते, तेवढ्यात मी चष्मा पुसते. लाल चौकटीत एक पुसट पान आलं, मधोमध बटण: नोटीस बघण्यासाठी लॉगिन करा. बटण दाबून बघितलं, तर हुबेहूब आयकर पोर्टल, पॅन आणि पासवर्ड विचारणारं. पण चौकट लाल. पोर्टलचा पासवर्ड मी हिरव्या चौकटीबाहेर कुठेच टाइप करत नाही, त्यामुळे पान खरं की खोटं याची चिकित्सा करत बसायची वेळच आली नाही. विंडो बंद केली, त्यासरशी तो कंप्युटर गेला. मग अशिलाला फोन लावला. त्याच्या पुतण्याने मोबाइलवर 'लग्नपत्रिका' म्हणून आलेली एपीके, म्हणजे अॅप बसवणारी, फाइल उघडली होती, आणि त्याच मोबाइलवर दुकानाचं ईमेल होतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली, पासवर्ड बदलायला लावले.

फाइल खरी असेल आणि ठेवायची असेल तर तिची विश्वासू प्रत करून घेते. डिस्पोजेबलमध्ये पानापानाचं चित्र काढलं जातं आणि त्या चित्रांची नवी पीडीएफ बनून येते. आत काही दडलेलं असेल तर ते चित्रात उतरत नाही. तोटा इतकाच, की पॅन नंबर कॉपी करता येत नाही, बघून टाइप करावा लागतो.

आता कुरकुर. एका क्यूबमधून दुसऱ्यात मजकूर न्यायचा तर नेहमीच्या कॉपीनंतर कंट्रोल-शिफ्ट-सी, तिकडे जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही, मग नेहमीचं पेस्ट. बोटांना सवय होईपर्यंत जीव जातो. किमान ६ जीबी रॅम लागते, पण ते स्वतःच १६ सुचवतात, आणि १६ च्या खाली त्या वाटेला जाऊ नकोस. बॅटरी भराभर संपते. व्हिडिओ मीटिंग म्हणजे वैताग: कॅमेरा आणि माइक त्या क्यूबला जोडा, मीटिंग संपली की काढा. मी मीटिंग मोबाइलवरच घेते. टॅली विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून टॅली आणि डीएससीची, म्हणजे डिजिटल, सही कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर. त्या पीसीवर ईमेल नाही, व्हॉट्सअॅप नाही, आणि बाबांना तिथे क्रिकेटचा स्कोअर बघायलाही बंदी.

आणि हे अभेद्य आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. करणारे स्वतःच त्याला 'बऱ्यापैकी सुरक्षित' एवढंच म्हणतात. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं तेव्हा वेगळी पेवं असून हळद गेलीच, कारण माती सगळ्यांखाली एकच. इथे ती माती म्हणजे प्रोसेसर. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर नावाचे दोष बाहेर आले, ते थेट प्रोसेसरच्या रचनेतले होते, आणि झेनसकट सगळ्यांचीच धावपळ झाली. भिंती आहेत म्हणून अपडेट टाळायचं, असं चालत नाही.

तू म्हणालास, "फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरवसा कसा ठेवायचा? सगळा कोड चोरालाही दिसतो." दिसू दे. कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालावं, गुप्त राहायला हवी ती किल्ली, हे कर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थाने १८८३ मध्येच लिहून ठेवलंय. पण कोड उघडा आहे म्हणजे कुणीतरी तो वाचलाय, असं धरून चालू नये. २०२४ चं एक्सझेडचं प्रकरण मामाने मला रात्री उशिरापर्यंत समजावलं होतं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. सांभाळणारा एकटा, थकलेला. कुणीतरी 'जिया तान' या नावाने मदतीला आला, दोनेक वर्षं नेटाने काम करून विश्वास कमावला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर भलतंच काहीतरी तपासत होता, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि त्याने पिच्छा पुरवला. कोड समोर नसता तर त्याला मुळापर्यंत जाता आलं नसतं. पण तो इतका चिकट नसता तर? म्हणून उघड्या कोडवर माझा विश्वास आहे, भक्ती नाही. एक्सझेडसारखी फाइल माझ्या लाल चौकटीत शिरली तर तिला काय मिळेल, हे मी तेव्हाही विचारतेच.

तर तुझं काय करायचं? तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर क्यूब्ज टाक. आर्टिकलशिपच्या पोरांच्या मशिनवर टाकू नकोस. ती महिन्याभरात कंटाळतील आणि सगळं काम एकाच क्यूबमध्ये करायला लागतील, मग त्रास राहील आणि फायदा जाईल. त्यांना डेंजरझोन दे. पीडीएफचं चित्र करून पुन्हा पीडीएफ बनवायचं क्यूब्जचंच तंत्र त्यात आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डिस्क एनक्रिप्ट करून घे. प्रत्येकाला आपापलं लॉगिन आणि आपापली कीपासएक्ससीची फाइल. 'ऑफिसचा पासवर्ड' नावाचा, सगळ्यांना पाठ असलेला पासवर्ड तुझ्या ऑफिसात जन्मालाच येता कामा नये.

अशील व्हॉट्सअॅप सोडणार नाहीत. सिग्नल चांगलं आहे, त्याचा कोडही उघडा आहे, पण हळदवाल्याला सिग्नल घ्यायला सांगणं म्हणजे त्याला दुसऱ्या कन्सल्टंटकडे पाठवणं. संदेश झाकण्याची पद्धत व्हॉट्सअॅपनेही २०१६ पासून सिग्नलचीच घेतलेली आहे, तेव्हा वाटेत कुणी वाचत नाही. भीती पोचल्यानंतरची. अशिलाचं आधार कार्ड तुझ्या मोबाइलच्या गॅलरीत, सायलीच्या बारशाच्या फोटोंच्या शेजारी जाऊन बसतं आणि तिथून बॅकअपबरोबर कुठेही जातं. ऑफिसला वेगळा मोबाइल आणि वेगळा नंबर घे, फोटो आपोआप उतरवणं बंद कर.

टॉर आणि टेल्सच्या नादाला तू लागू नकोस. टॉर म्हणजे आपण कोण, कुठून आलो हे लपवणारं इंटरनेटवरचं जाळं. टेल्स हे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स. सगळं टॉरमधून पाठवतं आणि बंद केलं की मशिनवर मागे काही ठेवत नाही. आपल्या मुक्ताला बातमीसाठी कुणी गुपचूप कागद देणार असेल तर तिला ते हवंच. पण तू स्वतःच्या नावाने पोर्टलवर लॉगिन करणार, मग कुणापासून नाव लपवणार? शिवाय टॉरवरून आलेल्याला पुष्कळ साइटी दारातच अडवतात.

बॅकअपबद्दल एकच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकात पाणी होतं तेव्हा माझी एक हार्डडिस्क ऑफिसात आणि दुसरी मिरजेला मावशीच्या कपाटात होती. क्यूब्जचा बॅकअप एनक्रिप्ट होऊनच निघतो, मावशीने उघडायचं म्हटलं तरी उघडणार नाही. तूही एक डिस्क पुण्याबाहेर ठेव, आणि वर्षातून एकदा तरी त्यावरून परत सगळं उतरवून बघ.

दुकानात जाऊन ऑफर बघून लॅपटॉप उचलू नकोस. क्यूब्जवाल्यांनी चालणाऱ्या मशिनची यादी ठेवलेली आहे, त्यात मॉडेल सापडलं तरच पैसे दे. मॉडेलचा नंबर मामाला कळव, तो रविवारी मोकळा असतो. इन्स्टॉलची फाइल आणि तिची डिजिटल सही मी पेनड्राइव्हवर भरून बाबांबरोबर पाठवतेय. पण सही तू स्वतः तपास, आणि त्यासाठी लागणाऱ्या मुख्य किल्लीचा ठसा माझ्या पेनड्राइव्हवरून घेऊ नकोस. दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून मिळवून आकडा न् आकडा जुळतो का ते बघ. आईने पाठवलंय म्हणून तपासणी माफ नाही.

तुझी,
आई