सूचना : चालत्या गाडीचं इंजिन बंद पडत असेल तर

सभासदांनो, ही तक्रार असणाऱ्यांनी कंपनीकडे जाण्याआधी एवढं जरूर पाळा.

बॅटरीची तार काढून चेक इंजिनचा दिवा घालवू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दोषाच्या कोडसोबत त्या क्षणाचा वेग, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), इंजिनचं तापमान असा फ्रीज फ्रेम डेटा साठलेला असतो. तार काढली की बऱ्याच गाड्यांत तो पुसला जातो आणि सर्व्हिस सेंटर ‘दोष आढळला नाही’ लिहून मोकळं होतं. आधी कोड वाचणाऱ्या स्कॅनरने स्कॅन करून स्क्रीनचा फोटो काढा.

गाडी नेमकी कधी बंद पडते तेही टिपा. गरम झाल्यावर बंद पडून थंड होताच निमूट सुरू होत असेल, बंद पडताना आरपीएमचा काटा झपकन शून्यावर येत असेल, तर पहिला संशय इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर (कोड पी०३३५). सिग्नलला, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) बंद पडत असेल तर संशय थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या भागात, साठलेल्या कार्बनवर. चढावर दम सोडत असेल तर गेज लावून फ्युएल प्रेशर (इंधनाचा दाब) मोजायला सांगा. नुसता फिल्टर बदलून घेऊ नका.

जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर) ‘मिसिंग’ (इंजिन अडखळणं) नको, ‘चालू गाडीत इंजिन बंद’ असंच लिहून घ्या. तारीख, किलोमीटर हवेतच. त्याची प्रत आणि १७ अक्षरी चॅसिस नंबर जोडून कंपनीला ईमेल करा. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. चॅसिस नंबर ग्रुपवर मात्र टाकू नका.

रस्त्यात बंद पडलीच तर किल्ली लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन बंद असताना दोन-तीन दाबांत संपतो. एकदाच जोरात दाबून धरा.