घरी बांधलेल्या गाडीचा पेट्रोलमार्ग कोण तपासतो?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हौसेने किंवा गरजेपोटी घरच्या घरी चारचाकी बांधणाऱ्यांच्या बातम्या आपल्या जिल्ह्याच्या पानांवर अधूनमधून येतात आणि त्या आवडीने वाचल्या जातात. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कारागिराने भंगारातून उभी केलेली, किक मारून सुरू होणारी छोटी जीप २०२१च्या अखेरीस देशभर गाजली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. अशा प्रयोगांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली आहे आणि अशी धडपड करणारे हात मला नेहमीच आवडत आले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे, की अशा गाडीच्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे दाबाखाली पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवताना सगळे लक्ष ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक) आणि मॅपिंगकडे (किती पेट्रोल कधी फवारायचे याच्या कोष्टकाकडे) जाते, पेट्रोल वाहून नेणारी नळी मात्र कार्बोरेटरच्या जमान्यातलीच राहते, आणि बातमीत तिच्याबद्दल चकार शब्द नसतो.

इंजेक्शन बसवणे ही आता चैन उरलेली नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. मोटारींतून तो त्याच्या वीस वर्षे आधीपासूनच जाऊ लागला होता. त्यामुळे जुन्या बाजारात हाती लागणारे कमी चाललेले इंजिन बहुधा इंजेक्शनचेच असते. ज्यांच्याकडे मारुती ८००चे जुने, कार्बोरेटरवर चालणारे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, तेही दुसऱ्या गाडीचे मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी दाबाची नळी) आणि इंजेक्टर आणून त्यावर चढवू पाहतात, आणि स्पीडुइनोसारखा खुल्या आराखड्याचा ईसीयू स्वतः जुळवणारी मुलेही आहेत.

कार्बोरेटरला पेट्रोल पोचवायला दुचाकीत टाकीची उंची पुरते आणि जुन्या मोटारीत कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा छोटा पंप, ज्याचा दाब पाव बारच्या आसपास असतो. इंजेक्शनच्या रेलमध्ये हाच दाब साधारण तीन बार असतो, गॅरेजच्या भाषेत तीन किलो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. कार्बोरेटरची नळी सैल असली तर थेंब गळतो आणि वासावरून कळते. इंजेक्शनची नळी सैल झाली तर पेट्रोलचा तुषार उडतो, आणि दाटीवाटीने इंजिन बसवलेल्या छोट्या चासीत तापलेला एक्झॉस्ट तिथून वीतभरही दूर नसतो.

अशा गाडीचे बॉनेट उघडले की मी आधी क्लिप पाहतो. बहुतेक ठिकाणी तीच आपली जुबली क्लिप असते, पाण्याच्या होजवर लावतात ती. तिच्या पट्टीला आटे बसण्यासाठी आरपार खाचा असतात. स्क्रू आवळत गेले की नळीचे रबर त्या खाचांतून वर येते, कडा रबरात रुततात आणि काही महिन्यांनी तिथे बारीक चीर पडते. इंजेक्शनसाठीच्या क्लॅम्पची पट्टी सलग असते, तिच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात आणि ती नट-बोल्टने आवळली जाते. नळीचेही तसेच आहे. चांगल्या नळीच्या अंगावर तिचा दर्जा छापलेला असतो: एसएई जे३०आर७ ही कार्बोरेटरसाठी किंवा परतीच्या मार्गासाठी, तर जे३०आर९ ही इंजेक्शनसाठी, सुमारे सात बार दाब सोसणारी. अंगावर काहीच छापलेले नसलेली मीटरवर मिळणारी काळी नळी इथे वापरू नये. त्यात आता पंपावरचे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे असल्याने जुन्या रबराची अवस्था आणखी बिकट होते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट धर्तीच्या स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात, तेव्हा त्यांच्या नियमपुस्तिकेत हे सारे लिहिलेले असते. आट्याची, म्हणजे जुबली, क्लिप पेट्रोलच्या कोणत्याही नळीवर चालत नाही. रेल इंजिनाला ब्रॅकेट आणि बोल्टनेच पक्की करावी लागते, प्लॅस्टिकच्या टायने किंवा तारेने बांधून भागत नाही. आणि गाडी ६० अंशांत कलवून कुठे गळती होते का ते पाहिले जाते. त्या मुलांना निदान कोणी तरी अडवणारा असतो. शेडमध्ये एकट्याने गाडी बांधणाऱ्याला कोणीच नसतो.

क्लिपपेक्षाही गंभीर गोष्ट पंपाच्या जोडणीची आहे. कंपनीच्या गाडीत किल्ली फिरवली की पंप दोन-तीन सेकंद चालतो, रेल भरतो आणि थांबतो. पुढे क्रॅंक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याचे संकेत येत राहिले तरच ईसीयू पंपाला वीज देणारा रिले चालू ठेवतो. इंजिन बंद पडले, गाडी उलटली किंवा धडकून जागीच थांबली, की पंपही थांबतो. पण भंगारातून आणलेले वायरिंग तोडलेले असते, रिलेची वायर सापडत नाही, आणि मग पंप सरळ किल्लीवर जोडला जातो. गाडी छान चालते, त्यामुळे यात काही बिघडले आहे असे कोणालाच वाटत नाही. धडकेत नळी निसटली तर मात्र किल्ली चालू असेपर्यंत तो पंप टाकी रिकामी करत राहतो. यावर उपाय महागडा नाही: ईसीयूच्या ताब्यातला रिले, त्याच वायरीवर धक्का बसताच प्रवाह तोडणारा इनर्शिया स्विच, आणि चालकाच्या हाताशी एक बंद करण्याचे बटण.

सेन्सरांबद्दल मी फार लिहीत नाही. क्रॅंक सेन्सर ज्यावरून फेरे मोजतो त्या दातेरी ट्रिगर व्हीलचा दात चुकला किंवा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर चुकीच्या जागी बसला तर इंजिन सुरू होत नाही, काळा धूर सोडते, प्लग खाते. त्याने डोके उठते, पण सहसा आग लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की मुळात अशा गाड्या रस्त्यावर आणणेच बेकायदा आहे. ते खरे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रोटोटाइपची चाचणी झाल्याशिवाय कोणतेही नवे वाहन विकता किंवा नोंदवता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. परंतु शेतात, आवारात किंवा गावच्या मैदानात फिरणाऱ्या गाडीला पेट्रोल तेवढेच असते आणि पोरेही त्यात बसतातच. म्हणून शासनाने जिल्ह्यातील एखाद्या आयटीआय किंवा तंत्रनिकेतनात महिन्यातून एक दिवस अशा गाड्यांची ऐच्छिक तपासणी ठेवावी. प्रेशर गेज, अग्निशामक आणि एक जाणता निदेशक एवढ्यावर ती होते: इंजिन सुरू न करता पंप चालवून रेलमध्ये तीन बार दाब आणायचा, पंप बंद करायचा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा आणि काटा किती वेगाने खाली येतो ते पाहायचे. तपासणीला येणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे मात्र आधी जाहीर करावे लागेल, नाहीतर कोणी फिरकणार नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. अशी गाडी दिसली की बातमीदार खर्च किती आला आणि ॲव्हरेज किती देते हे विचारतो. त्याने किल्ली फिरवायला सांगून, इंजिन सुरू न करता, पंपाचा आवाज किती सेकंदांत थांबतो हेही पाहावे, आणि जे दिसेल ते बातमीत छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कोल्हापूर