अंगणातला बोया

संपादक महोदय,

किनाऱ्याला पिवळा बोया (समुद्रात तरंगत ठेवलेलं मोजमापाचं यंत्र) लागला की ‘संशयास्पद वस्तू’ अशी बातमी येते. पोलीस येतात, फोटो निघतात, विषय संपतो. तो बोया समुद्रात काय करत होता, हे बातमीत क्वचितच असतं.

भर समुद्रात मोबाइलचा टॉवर नाही. त्यामुळे वारा, हवेचा दाब, लाटा, पाण्याचं तापमान मोजून बोया ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवतो. नांगरलेल्या बोयांत जीपीएस असतं. पण प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या बोयांसाठी 1978 पासून ‘आर्गोस’ ही फ्रेंच-अमेरिकी यंत्रणा आहे, आणि तिची युक्ती मला फार आवडते. गाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते, पुढे गेली की उतरते. इथे बोया जागीच रेडिओ संदेशाची हाक मारतो आणि धावतो तो उपग्रह. हाकेची फ्रिक्वेन्सी किती चढली-उतरली, यावरून बोया कुठे आहे ते गणिताने निघतं. बोयाला स्वतःचा पत्ता ठाऊक असण्याची गरजच नाही! ही हाक ऐकणारी उपकरणं आपल्या ‘सरल’ (2013) आणि ‘ओशनसॅट-3’ (2022) या उपग्रहांवरही गेली आहेत. वेळासच्या किनाऱ्यावर पाठीवर ट्रान्समीटर बसवलेल्या ‘प्रथमा’ या समुद्री कासवाचा माग 2022 मध्ये लागला तो उपग्रहाला ऐकू जाणाऱ्या अशाच हाकेवरून.

बोयाच्या सावलीला मासा जमतो, हे आमच्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) कुणी शिकवावं लागत नाही. मग होडी बोयालाच बांधली जाते, दोर तुटतो, सेन्सर मोडतात. कुणी बोया उचलून घरी आणला, तरी बॅटरी असेतोवर तो बोलत राहतो. फक्त समुद्राऐवजी अंगणातल्या उन्हाचं तापमान कळवतो. निसर्ग वादळाने (जून 2020) आमच्या दापोली तालुक्यात माडा-पोफळींचं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं. अशा वादळाच्या वेळी भर समुद्रातला प्रत्यक्ष वारा आणि दाब सांगणारे हेच मूठभर बोये असतात.

पण एकट्या मच्छीमारांना दोष देऊ नये. कुठला बोया सरकारी आणि सापडला तर कुणाला कळवायचं, हे सांगणारा मराठी फलक आमच्या बंदरावर मला दिसलेला नाही. मत्स्यव्यवसाय खात्याने तो फोटोसह लावावा. आणि आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी छापण्याआधी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ला (समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) एक फोन करावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, हर्णै (ता. दापोली)