आईचे गुडघे, बाबांचं बीपी आणि युरोप

ल्युब्लियाना (स्लोव्हेनिया), जुलै

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतं खरं, पण "जेवलात का" आणि "पासपोर्ट सांभाळा" याच्यापुढे आपली गाडी सरकत नाही. बाबा तर "बरं, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून हे लांबलचक पत्र. यात एक प्रस्ताव आहे आणि तो आत्ताच सांगून टाकते, कारण आई शेवटचं पान आधी वाचते हे मला ठाऊक आहे. पुढच्या सप्टेंबरात तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर इकडे यायचं. आमच्यासारखं पाठीवर बोजा घेऊन हिंडायचं नाही, आणि मोठ्या टूरबरोबर रोज पहाटे बॅगा दाराबाहेर काढून ठेवत पळायचंही नाही.

निघताना बाबा म्हणाले, "आमचं वय गेलं, तुम्ही बघा, आम्ही फोटो बघू." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग झालं असं की जिना दिसला की मी आधी कठडा आहे का ते बघायचे. बाकडी किती अंतरावर आहेत, लिफ्ट चालू आहे का, स्वच्छतागृह कुठे. जावईबापू शेवटी म्हणाले, "तू फिरायला आली आहेस की इन्स्पेक्शनला?" बाबांची पोरगी आहे, इन्स्पेक्शन रक्तातच आहे, म्हटलं.

तर अहवाल ऐका.

ॲम्स्टरडॅम तुमच्या यादीतून मी खोडलं आहे. शहर देखणं आहे, कालवे, पूल, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. आई, दहाला सूर्य मावळतो आणि अकरापर्यंत लोक कालव्याच्या कडेला पाय सोडून बसलेले असतात. पण घरं अरुंद आणि आतले जिने इतके उभे की त्यांना शिडीच म्हणावं. घराच्या कपाळावर एक लोखंडी आकडा असतो, त्याला दोर लावून कपाट, पलंग सगळं खिडकीतून आत घेतात, कारण जिन्याने ते जातच नाही. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. शिवाय सायकली! सायकलींचा वेगळा रस्ता असतो आणि चुकून त्यावर फोटो काढायला थांबलात तर घंटीसुद्धा रागाने वाजते. बाबा तिथे दोन दिवसांत दहा जणांशी भांडतील.

जर्मनीतल्या कोलोनला मात्र उतरायचंच, भले तीन तासांसाठी. स्टेशनातून बाहेर पाय टाकला की कॅथीड्रल समोर. रिक्षा नको, चालणं नको. १२४८ साली पाया घातला आणि पूर्ण झालं १८८० मध्ये. मध्ये तीनेकशे वर्षं काम ठप्प होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर जुनी लाकडी क्रेन तशीच उभी होती. आमच्या सोसायटीच्या बिल्डरला हे कळू देऊ नका. वर जायला ५३३ पायऱ्या आहेत. जावईबापू चढून आले आणि दोन दिवस उतार दिसला की कण्हत होते. मी खाली सामानापाशी बसून रंगीत काचांतून पडणारं ऊन बघत बसले. तेवढं तुम्हालाही पुरेल.

आईच्या काळजीचा मुख्य मुद्दा, म्हणजे होस्टेल. "परक्यांच्या खोलीत झोपता?" हो, काही ठिकाणी झोपलो. काही ठिकाणी दोघांची वेगळी खोली घेतली. प्रत्येकाला कुलपाचा कप्पा असतो, चादर धुतलेली मिळते आणि स्वयंपाकघर सामाईक असतं. आई, गंमत म्हणजे ही कल्पना तुझ्याच पेशाच्या माणसाची. रिचर्ड शिर्मान नावाचे जर्मन शिक्षक १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले, वाटेत वादळात सापडले आणि सगळ्यांनी एका शाळेत रात्र काढली. तिथे त्यांना वाटलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग फिरणाऱ्या मुलांनी तिथे का राहू नये? पुढे १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात जगातलं पहिलं युथ होस्टेल निघालं. तुझ्या सहलींच्या गोष्टी ऐकून मोठी झालेय, त्यामुळे हे वाचलं तेव्हा तूच डोळ्यांसमोर आलीस, छत्री उघडून मुलं मोजताना.

आणि होस्टेलात फक्त पोरंटोरं नसतात. स्वित्झर्लंडमध्ये आमच्या खोलीत सत्तरीच्या पुढच्या एक जर्मन बाई होत्या. मी माझा खालचा बिछाना देऊ केला तर नको म्हणाल्या आणि सरसर वरच्यावर चढल्या. सकाळी आम्ही उठायच्या आत डोंगरावर गेल्यासुद्धा. तुम्हाला मी होस्टेलात ठेवणार नाही, घाबरू नका.

त्या गावाबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या सहलीचा अर्धा वेळ तिथेच जावा. लाउटरब्रुनेन. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मधोमध गाव आणि गावाच्या डोक्यावर जवळजवळ तीनशे मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा. स्टेशनसमोरून केबल कार ग्रुटशाल्पला जाते. तिथून म्युरेनपर्यंत एक छोटी गाडी आहे आणि तिच्या बाजूने पायवाट, सुमारे चार किलोमीटर, जवळजवळ सपाट. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ अशी तीन शिखरं रांगेत, म्योंख आणि युंगफ्राउ चार हजार मीटरच्या वर, आयगर जरासा कमी. वाटेत बाकडी. दमलात तर मधल्या विंटरेग स्टेशनावर गाडीत बसायचं. म्युरेनमध्ये बाहेरच्या मोटारी येतच नाहीत, त्यामुळे गाईंच्या घंटा ऐकू येतात. आई, या वाटेवर तुझ्या दुप्पट वयाची वाटावीत अशी माणसं दोन काठ्या टेकत निवांत चालत होती. कोणाला घाई नाही.

युंगफ्राउयोखचं विचाराल, जिथे सगळ्या टूर जातात. १९१२ पासून डोंगर पोखरून रेल्वे तिथवर जाते, ३,४५४ मीटरवर. आम्ही गेलो नाही. पूर्ण तिकीट माणशी दोनशे फ्रँकांच्या वर आहे आणि तेवढ्यात आमचं बरंच काही भागतं. बाबांनी जायचं म्हटलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तासा-दोन तासांत एवढी उंची गाठणं बीपीच्या माणसासाठी सहज घ्यायची गोष्ट नाही. मला स्वतःला त्या सपाट वाटेवरून डोंगर जास्त चांगले दिसले.

आता बाबा, तुमच्यासाठी. तिथून व्हेनिसला जाताना ब्रिग स्टेशननंतर सिंप्लॉन बोगदा लागतो. १९०६ साली सुरू झालेला, जवळजवळ वीस किलोमीटर लांब. कितीतरी वर्षं जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा हाच होता. एका तोंडाला स्वित्झर्लंड, बाहेर पडलं की इटली. मी घड्याळ लावून बसले होते, पण मध्येच डुलकी लागली, त्यामुळे वेळेची नोंद तुम्हीच घ्यायची.

व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना दोन्हीकडून पायऱ्या. सामान घेऊन तिथे जाणं म्हणजे शिक्षा. तरी वगळू नये. सामान स्टेशनवर ठेवायचं आणि स्टेशनसमोरून एक नंबरची वॉटरबस पकडायची, वापोरेत्तो म्हणतात तिला. तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. ती संथपणे मोठ्या कालव्यातून थेट सान मार्को चौकाला नेते. बसायला जागा मिळाली की सगळं व्हेनिस तुमच्यासमोरून सरकतं. आमचं मोठं भांडणही व्हेनिसचंच. नकाशा एकाच्या हातात, भूक दोघांना, आणि प्रत्येक गल्ली पाण्यात जाऊन संपणारी. पिझ्झा मारिनारा खाल्ला आणि मिटलं. (त्यावर चीज नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो. आईच्या उपयोगाची माहिती.)

खाण्याचं म्हणाल तर जिथे स्वयंपाकघर मिळालं तिथे भात टाकला. आई, तुझं मेतकूट व्हेनिसपर्यंत पुरलं. बाकी सुपरमार्केटमधला पाव, दही, फळं, हमस. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण चार दिवसांनी गरम वरणासाठी जीव कासावीस होतो. टूरवाले रात्री वरण-भात घालतात, हे मात्र त्यांचं मानायला हवं. म्हणूनच तुमच्यासाठी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर भाड्याने घ्यायचं असं माझ्या मनात आहे.

स्वच्छतागृहांबद्दल कुठलाही टूरवाला आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. स्टेशनांवर एक-दीड युरो मोजून आत सोडतात. गाडीत फुकट असतं, तेव्हा उतरायच्या आधी जाऊन यायचं. कॉफी प्यायला बसलो तर तिथलं वापरता येतं. आईला पहिल्यांदा "पैसे देऊन?" असा धक्का बसेल, नंतर सवय होईल.

व्हेनिसहून व्हिएन्नाला रात्रीच्या गाडीने आलो. सहा बर्थचा डबा, अगदी ओळखीचा वाटला. मध्यरात्री कुठेतरी डबे तोडून दुसऱ्या गाडीला जोडले, तो धक्का बसला आणि मला जाग आली. बाबा असते तर खिडकी उघडायला धडपडले असते. सकाळी पाव, जाम आणि कॉफी आणून दिली. तुम्हाला मात्र दोघांचा स्लीपर घेऊ.

व्हिएन्ना हे खरं तुमचं शहर. मेट्रोच्या स्टेशनांवर लिफ्ट, ट्रामला बसायला जागा, जागोजाग बागा. नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. कॉफीहाउसात एक कप मागवायचा, सोबत पाण्याचा पेला येतो, आणि मग कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही. लाकडी दांड्याला लावलेली वर्तमानपत्रं टांगलेली असतात. जर्मन येत नसलं तरी बाबा दोन तास चाळतील याची मला खात्री आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, पण टाउन हॉलसमोर मोठ्या पडद्यावर संगीताचे कार्यक्रम फुकट दाखवतात. सप्टेंबरात ऑपेरा पुन्हा सुरू होतो, म्हणून आईसाठी सप्टेंबर. शिवाय तेव्हा उकाडा कमी असतो. इथे घरांना पंखे नाहीत हो! जुलैच्या रात्री आम्ही ओले टॉवेल पांघरून काढल्या.

व्हिएन्ना ते ल्युब्लियाना सहा तास. बाबा, निव्वळ या गाडीसाठी तुम्ही यायला हवं. वाटेत सेमेरिंगचा घाट लागतो. कार्ल फॉन गेगा नावाच्या इंजिनियरने बांधलेला, १८५४ मध्ये चालू झाला. म्हणजे आपल्या बोरघाटाच्याही नऊ वर्षं आधी. काम सुरू केलं तेव्हा एवढी चढण चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. आधी मार्ग आखला आणि मग १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा लावली! दुमजली कमानींचे दगडी पूल, वळणावर आपल्याच गाडीचं तोंड खिडकीतून दिसतं. आता खालून सत्तावीस किलोमीटरचा बोगदा तयार होतोय. तो झाला की लांब पल्ल्याच्या गाड्या अंधारातून जातील. तेव्हा "पुढे बघू" म्हणायला इथे फार वाव नाही.

आणि हे ल्युब्लियाना, जिथे बसून मी लिहितेय. गावाच्या मध्यभागी मोटारींना बंदी आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी हिरव्या विजेच्या छोट्या गाड्या फिरतात, हात केला की थांबतात, पैसे घेत नाहीत. नाव कावालिर. काल एक आजोबा भाजीच्या पिशवीसकट त्यात बसून घरी निघाले होते. तासाभराच्या अंतरावर ब्लेडचं तळं आहे. भोवती सहा किलोमीटरची सपाट वाट आणि मध्ये बेटावर चर्च. बेटावर नाव नेते, पण धक्क्यापासून चर्चपर्यंत ९९ पायऱ्या. आईला मी आधीच सांगते, तू नावेपाशी बसायचंस. तू ऐकणार नाहीस, तेही माहीत आहे.

तर लाउटरब्रुनेन, एक रात्र व्हेनिस, व्हिएन्ना, ल्युब्लियाना. एवढंच. "पॅरिस नाही?" हा प्रश्न शेजारचे विचारतील. मेट्रोत जिनेच जिने आहेत म्हणून सांगा. पॅरिस आम्हीही सोडलं, कारण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आमचा रेल्वेचा पास असूनही वेगळं आरक्षण लागतं.

खर्चाची काळजी तुमच्याकडे नको. तरी बाबा हिशेब मागतीलच, म्हणून: व्हिसाची फी माणशी ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, आणि रेल्वेच्या पासात साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सूट आहे. बाबांच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन औषधाच्या मूळ नावासकट लिहून घ्यायचं, ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही.

तुम्ही आत्ता एकच काम करा. कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध हवेत आणि दहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. माझ्या आठवणीप्रमाणे आईचा पुढच्या वर्षी संपतोय. पहिल्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, नूतनीकरणाचा अर्ज मी इथूनच भरते. आणि बाबा, फोटो सरळ धरून काढा, मागच्या वेळी अर्धा अंगठाच आला होता.

तुमची,
धाकटी

ता. क. : जावईबापूंचा दोघांना नमस्कार. त्यांचं वजन कमी झालेलं नाही, आईने उगाच जीव टांगणीला लावू नये.