सोनू, आधी चिठ्ठी रॅकप्रमाणे लाव

टिलबर्ग, नेदरलँड्स

प्रिय सोनू,

परवा आई फोनवर म्हणाली की करासवाड्याच्या गोडाऊनमधून रात्री बांद्याला परत आलास की पाय गरम पाण्यात घालून बसतोस, आणि वर तुमचा सुपरवायझर म्हणतो पोरं स्लो आहेत. मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. तू स्लो नाहीस रे. मी पण इथे हेच करते, ऑर्डरचा माल गोळा करायचं काम, आणि यात जवळपास अर्धा वेळ नुसता चालण्यात जातो.

तू म्हणालेलास, हॉटेलवाला ज्या क्रमाने माल सांगतो तशीच ऑर्डरची चिठ्ठी छापून येते. म्हणजे साबणाला रॅकांमधल्या पहिल्या गल्लीत, टिशूला नवव्या, परत शॅम्पूला दुसऱ्या. घोळ तिथेच आहे! चिठ्ठी रॅकच्या नंबरप्रमाणे लागली पाहिजे. मग सापासारखं जायचं, एका गल्लीत या तोंडाने शिरून त्या तोंडाने बाहेर, पुढच्या गल्लीत उलट, आणि जिथे काही घ्यायचं नाही ती गल्ली सोडून द्यायची. याला एस-शेप म्हणतात, गल्लीत पाच-सहा वस्तू असल्या तर हेच बरं. पण दोनच असतील, एक अलीकडे एक पलीकडे, तर मधली मोठी रिकामी जागा चालायचीच नाही, अलीकडची घेऊन मागे फिरायचं आणि पलीकडची मागच्या बाजूने जाताना उचलायची, ते लार्जेस्ट गॅप. फक्त पहिली आणि शेवटची गल्ली पूर्ण चालावी लागते, मागच्या बाजूला जायची-यायची वाट तीच ना.

१९८३ मध्ये रॅटलिफ आणि रोझेंथाल या दोन संशोधकांनी सरळ गल्ल्यांच्या गोडाऊनसाठी सगळ्यात कमी चालायचा रस्ता अचूक काढायची पद्धत मांडली. एरवी ठिकाणं वाढली की हे गणित कॉम्प्युटरलाही जड जातं, पण इथे एकेक गल्ली पुढे सरकत हिशोब करता येतो, मला तर हे वाचून इतका आनंद झाला! पण तो रस्ता कधी कधी इतका वाकडातिकडा निघतो की माणसं मध्येच आपल्या मनाने वळतात, म्हणून तुमच्याकडे साधी, सवयीची वाटच ठेवा.

आणि पाण्याचे बॉक्स सगळ्यात मागे का ठेवलेत? डिसेंबरला कळंगुट-कांदोळीची हॉटेलं भरली की तेच सगळ्यात जास्त लागणार. ते वाटेच्या सुरुवातीला हवेत, म्हणजे जड माल ट्रॉलीत खाली बसतो आणि चिप्स चिरडत नाहीत.

सुपरवायझरला लगेच काही बोलू नकोस. एक दिवस जुन्या पद्धतीने कर, दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर पेनाने क्रम टाकून कर, दोन्ही दिवस फोनवर पावलं मोज, किती चिठ्ठ्या झाल्या तेही लिहून ठेव. आकडे मला पाठव, आणि गल्ल्यांचं चित्र काढून त्याचा फोटो पण. शनिवारी फोन करते तेव्हा आपण बसून वाट आखू, आईला सांग त्या दिवशी तुला लवकर जेवायला वाढ म्हणावं.

तुझी
ताई