चंद्रावरचा प्रिझम

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, माणूस चंद्रावर गेला होता हे तुम्हाला खरंच पटतं?" मी तडकलो आणि फोन आईच्या हातात दिला. ते चुकलंच. शेजाऱ्याने बांध सरकवला म्हणून लोक तावातावाने माझ्याकडे यायचे. त्यांना मी कधी वेड्यात काढलं नाही, ट्रायपॉड लावून मोजून दाखवलं. तुझ्याशीही तसंच वागायला हवं होतं.

तुझ्या रूममेटच्या त्या व्हिडिओतली सावल्यांची गोष्ट आधी घेतो. सूर्य एकच, मग सावल्या वेगवेगळ्या दिशांना का, म्हणजे स्टुडिओतले दिवे, असं ना? अरे, दोन दिवे असते तर एकेका माणसाला दोन-दोन सावल्या पडल्या असत्या. संध्याकाळी माळावर दोन काठ्या रोव, एक चढावर आणि एक ओघळीत, आणि बघ सावल्या समांतर पडतात का. हवा नसताना फडफडणाऱ्या झेंड्याचं तर सोडूनच दे. त्याला वरून आडवी दांडी होती, ती पुरती उघडली नाही आणि कापडाला चुण्या राहिल्या.

मला सांगायचंय ते प्रिझमचं. सहावीच्या सुट्टीत तू माझ्याबरोबर मोजणीला यायचास, आठवतं? काठी धरून उभा राहायचास आणि काठी सरळ राहावी म्हणून तिच्यावरचा बुडबुडा मध्ये ठेवता ठेवता रडकुंडीला यायचास. त्या काठीवरच्या काचेत, म्हणजे प्रिझममध्ये, तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून किरण जिकडून आला तिकडेच परत जातो. काठी जरा तिरकी झाली तरी माझ्या टोटल स्टेशनला, म्हणजे मोजणीच्या यंत्राला, अंतर मिळायचं ते त्यामुळेच. अमेरिकेच्या अपोलो ११ मधून गेलेल्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी जुलै १९६९ मध्ये अशाच १०० छोट्या प्रिझमची पेटी चंद्रावर मांडली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिच्यावर आपटून साधारण अडीच सेकंदांत परत येतो. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब चाललाय, हे या मोजणीतूनच कळलं. आमच्या धंद्यात अख्ख्या तालुक्यात इतकी अचूकता मिळाली तर पेढे वाटू.

पण नुसत्या प्रिझमवर वाद जिंकायला जाऊ नकोस. रूममेट हुशार असेल तर म्हणेल की रशियाच्या लुनोखोद गाड्यांवरही असे आरसे आहेत आणि तिथे माणूस गेला नव्हता. त्याचं बरोबर आहे. मग त्याला दगडांचं विचार. रशियाच्या तीन यंत्रांनी मिळून आणलेली चंद्राची माती ३०० ग्रॅमच्या आसपास, अपोलोच्या सहा उतरणाऱ्या मोहिमांनी आणले ३८२ किलो. आणि अमेरिकेवर विश्वास नसेल तर आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्याने वरून टिपलेला अपोलो ११ च्या यानाचा खालचा भाग बघ म्हणावं.

खरं सांगू, मला या पुराव्यांपेक्षा चार्ली ड्यूक जास्त आठवतो. अपोलो ११ उतरत होतं तेव्हा ह्यूस्टनमधून त्यांच्याशी बोलणारा आवाज त्याचा होता. एप्रिल १९७२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो स्वतः अपोलो १६ मधून गेला. निघताना त्याने बायको आणि दोन लहान मुलांबरोबरचा घरचा फोटो प्लास्टिकमध्ये घालून खिशात टाकला, आणि तिथल्या धुळीत ठेवून आला. तिथे दुपारी शंभर अंशांच्या वर ऊन असतं, रंग केव्हाच उडाले असतील. पण बाप लांबच्या कामाला जातो तेव्हा पाकिटात काय नेतो, ते मला कुणी समजावून सांगायला नको. तुझा पहिलीतला फोटो अजून माझ्या पाकिटात आहे.

चंद्रावर चालून आलेले सगळे मिळून बारा जण. व्हिएतनाम, वॉटरगेट अशा सरकारी खोटेपणाने पोळलेल्या अमेरिकेत 'हेही खोटंच असणार' असं काहींना वाटलं, ते मी समजू शकतो. पण त्याची झळ या म्हाताऱ्यांना लागली. २००२ मध्ये एकाने ७२ वर्षांच्या ऑल्ड्रिनला रस्त्यात गाठून तोंडावर भित्रा, खोटारडा म्हटलं. ऑल्ड्रिनने त्याच्या जबड्यावर एक ठोसा लगावला. खटला काही झाला नाही. मारामारीच्या बाजूचा मी नाही, तरी ते वाचून बरं वाटलं, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर मुंबईत आले होते. तुझे आजोबा तेव्हा गिरणीत होते, पाळी बुडवून बघायला गेले. गर्दीत चवड्यांवर उभं राहून त्यांना फक्त एक हलणारा हात दिसला. तो आर्मस्ट्राँगचाच होता, असं ते शेवटपर्यंत सांगत. यावर मात्र तू खुशाल शंका घे, मी फोन आईकडे देणार नाही.

लाडवांचा डबा पाठवलाय. रूममेटलाही दे.

तुझा,
बाबा